बहारिस्तानची मजलिस

इराणच्या संसदेला फारसीत मजलिस म्हणतात आणि तिच्या सभासदाला पूर्वापार वकील म्हणत आले आहेत. हे दोन्ही शब्द मराठीला परके नाहीत. गाण्याची मजलस मराठीत अजूनही जमते आणि पेशवाईत परदरबारी धन्याची बाजू मांडणारा माणूस वकीलच होता. इराणमध्ये या शब्दांना संसदेचा अर्थ आला तो १९०६ साली. त्यानंतर या सभागृहाने दोन राजघराणी पाहिली, तोफांचा मारा सोसला, परक्या फौजांचे दडपण अनुभवले आणि १९८० पासून ते इस्लामी प्रजासत्ताकाचे कायदेमंडळ म्हणून काम करत आहे. राजवटी बदलल्या, पण एक प्रश्न सभागृहाची पाठ सोडत नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी कायदा केला, तर तो धर्माला धरून आहे की नाही हे ठरवायचे कोणी? इराणची आजची संसदीय व्यवस्था म्हणजे या प्रश्नाला शंभर वर्षांत मिळालेल्या उत्तरांचे एकावर एक चढलेले थर आहेत.

साखर, फटके आणि बस्त

डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानच्या बाजारात साखर महागली. रशिया-जपान युद्धाने आणि रशियातल्या अशांततेने तिकडून येणारा माल आटला होता. भाव उतरवायचे म्हणून तेहरानचा सुभेदार अलाउद्दौला याने साखरेच्या व्यापाऱ्यांना बोलावून घेतले आणि त्यांच्या तळपायांवर छड्या मारवल्या. त्यांत एक वयोवृद्ध, दानधर्माबद्दल मान असलेला व्यापारीही होता. बातमी पसरताच बाजार बंद झाला. व्यापारी, कारागीर आणि धर्मगुरू तेहरानच्या दक्षिणेकडील शाह अब्दुल अजीमच्या दर्ग्यात जाऊन बसले.

या प्रकाराला बस्त म्हणत. दर्गा, मशीद किंवा शाही तबेला अशा ठिकाणी आसरा घेतलेल्या माणसाला राजाच्या शिपायांनी हात लावायचा नाही, असा इराणी रिवाज होता. एकट्यादुकट्या गुन्हेगाराच्या बचावाचा हा मार्ग १९०५ मध्ये अख्ख्या बाजारपेठेने हाती घेतला. मागणी होती अदालतखान्याची, म्हणजे राजाच्या लहरीवर न चालणाऱ्या न्यायाची. मुजफ्फरुद्दीन शाहने वचन दिले, पण पाळले नाही.

१९०६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरू तेहरान सोडून कोम या तीर्थक्षेत्री गेले. व्यापारी आणि कारागिरांनी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत बस्त धरली. तिथे जमलेल्यांची संख्या बारा ते चौदा हजारांवर गेली. प्रत्येक धंद्याने आपापला तंबू ठोकला. मोठमोठ्या कढया चुलींवर चढल्या आणि एवढ्या लोकांचे जेवण तिथेच रांधले जाऊ लागले. आधुनिक शाळांमधले विद्यार्थी तंबूंतून फिरून संविधान म्हणजे काय, युरोपातले राजे कायद्याने कसे बांधलेले असतात, हे समजावून सांगत. अदालतखान्याच्या मागणीचे काही आठवड्यांत मजलिसच्या मागणीत रूपांतर झाले, ते या बागेत. ५ ऑगस्ट १९०६ रोजी शाहने मजलिस बोलावण्याचे फर्मान काढले.

पहिल्या मजलिसची निवडणूक आजच्यासारखी सार्वत्रिक नव्हती. मतदार सहा वर्गांत वाटलेले होते: राजघराण्यातले लोक, धर्मगुरू व त्यांचे विद्यार्थी, सरदार-उमराव, व्यापारी, जमीनदार आणि कारागीर-दुकानदारांच्या श्रेणी. स्त्रियांना मत नव्हते, भूमिहीन शेतकरी आणि मजूरही बाहेरच राहिले. तरीही तेहरानच्या ६० जागांपैकी ३२ जागा कारागीर-दुकानदारांच्या वाट्याला आल्या. किराणा विकणाऱ्यांचा प्रतिनिधी राजपुत्रांच्या शेजारी बसून कर्जाच्या ठरावावर बोलू लागला, ही त्या देशात नवलाची गोष्ट होती. ७ ऑक्टोबर १९०६ रोजी सभागृह भरले. ३० डिसेंबर रोजी आजारी शाहने ५१ कलमांच्या मूलभूत कायद्यावर सही केली आणि पुढच्याच महिन्यात तो वारला. मजलिसचे कामकाज तेहरानच्या बहारिस्तान वाड्यात चालू लागले आणि हे नाव संसदेला कायमचे चिकटले.

पहिल्या सभागृहात बिगरमुस्लिमांचा प्रश्नही आला. अर्मेनियन आणि यहुदी समाजांनी आपले प्रतिनिधित्व चळवळीतल्या शिया धर्मगुरूंकडे सोपवले. जरथुश्त्री समाजाने मात्र स्वतःचा माणूस पाठवला: सावकारी आणि व्यापारात मोठे नाव असलेले अरबाब जमशीद. या धिटाईमागे मुंबईच्या पारशांची अर्ध्या शतकाची मेहनत होती. १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया मुंबईहून इराणला गेले. यज्द आणि केरमानमधल्या आपल्या धर्मबांधवांची हलाखी त्यांनी पाहिली, शाळा काढल्या आणि दरबारी अर्जविनंत्यांचा पाठपुरावा केला. १८८२ मध्ये जरथुश्त्र्यांवरचा जिझिया रद्द झाला. दुसऱ्या मजलिसपासून पुढे कैखुसरो शाहरुख जरथुश्त्र्यांचे प्रतिनिधी झाले आणि १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत मजलिसशी जोडलेले राहिले. त्यांच्या शिक्षणाचा काही काळ मुंबईत गेला होता. मजलिसचे ग्रंथालय आणि छापखाना उभा करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

१९०७ चे दुसरे कलम

मूलभूत कायदा घाईत झाला होता. नागरिकांचे हक्क, न्यायालये, मंत्र्यांची जबाबदारी यांविषयी त्यात फारसे काही नव्हते. ती उणीव ऑक्टोबर १९०७ मध्ये मंजूर झालेल्या १०७ कलमांच्या पुरवणी कायद्याने भरून काढली. त्याचा साचा मुख्यतः बेल्जियमच्या संविधानाचा होता, आणि धर्म व कायदा यांचा वाद पेटला तो याच मसुद्यावर.

शिया पंथाच्या श्रद्धेनुसार बारावा इमाम दृष्टीआड आहे आणि खरी सत्ता त्याचीच आहे. तो प्रकट होईपर्यंत चालणारे प्रत्येक राज्य या अर्थाने अपुरे ठरते. मग या मधल्या काळात माणसांनी कायदे करावेत का, यावर धर्मगुरूंमध्ये फूट पडली. सय्यद अब्दुल्ला बेहबहानी आणि सय्यद मोहम्मद तबातबाई तेहरानात मजलिसच्या पाठीशी होते, तर इराकमधल्या नजफचे अखुंद खोरासानी आणि त्यांचे सहकारी तिथून पाठिंबा देत होते. नजफचेच विद्वान नाईनी यांनी १९०९ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले, की इमामाच्या अनुपस्थितीत निर्दोष राज्य शक्य नाही, पण संविधानाने बांधलेला राजा मोकाट राजापेक्षा कमी अन्याय करतो. उलट शेख फजलुल्ला नूरी यांचे म्हणणे होते, की शरियत असताना कायदे करणारी सभा हवीच कशाला? मुस्लिम आणि बिगरमुस्लिम कायद्यापुढे सारखे, हे तत्त्वही त्यांना मान्य नव्हते.

नूरींच्या आग्रहातून पुरवणी कायद्याचे दुसरे कलम जन्माला आले. मजलिसने केलेला कोणताही कायदा इस्लामविरोधी असता कामा नये. हे पाहण्यासाठी ज्येष्ठ धर्मशास्त्र्यांनी वीस मुजतहिदांची, म्हणजे शरियतचा अर्थ लावण्याचा अधिकार असलेल्या विद्वानांची, नावे सुचवावीत, सभागृहाने त्यांतून किमान पाच निवडावेत आणि त्यांनी नाकारलेला कायदा रद्द समजावा. इमाम प्रकट होईपर्यंत हे कलम बदलता येणार नाही, असेही त्यातच लिहून ठेवले. कलम मिळाले तरी नूरींचे समाधान झाले नाही. त्यांनी नव्या राजाची, मोहम्मद अली शाहची बाजू घेतली. २३ जून १९०८ रोजी रशियन कर्नल ल्याखोव्हच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीने बहारिस्तानवर तोफा डागल्या आणि मजलिस उधळली गेली. तेरा महिन्यांनी संविधानवाद्यांच्या फौजा तेहरानात शिरल्या, शाह पदच्युत झाला आणि ३१ जुलै १९०९ रोजी नूरींना भर चौकात फाशी दिले गेले.

दुसऱ्या मजलिसच्या वेळी नजफहून मुजतहिदांची नावे आली आणि त्यांतून सय्यद हसन मोदर्रेस सभागृहात दाखल झाले. पुढे ते लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी झाले आणि लष्करी अधिकारी रजाखानाच्या वाढत्या सत्तेला सभागृहात उभे राहून विरोध करणारा सर्वांत निर्भीड आवाज ठरले. त्याची किंमत त्यांनी हद्दपारी आणि १९३७ मधल्या मरणाने मोजली. पाच मुजतहिदांचे कलम मात्र व्यवहारात रुजले नाही. ते संविधानात छापलेले राहिले आणि सभागृह त्याच्याशिवाय चालत राहिले.

पहलवी राजांची मजलिस

१९११ मध्ये रशियाने निर्वाणीचा खलिता धाडला आणि अमेरिकन खजिनदार मॉर्गन शुस्टर यांना काढून टाकण्याची मागणी केली. मजलिसने ती फेटाळली, तेव्हा सभागृहच बंद पाडले गेले. ऑक्टोबर १९२५ मध्ये मजलिसनेच तोवर राज्य करणारे काजार घराणे पदच्युत केल्याचा ठराव केला आणि रजाखान रजाशाह झाला. विरोधात बोलणाऱ्या मोजक्या लोकांत डॉ. मोहम्मद मोसद्दिक होते. रजाशाहच्या राज्यात निवडणुका वेळच्या वेळी झाल्या, पण कोण निवडून यायचे ते दरबार ठरवू लागला.

१९४१ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी रजाशाहला पायउतार केले आणि मजलिसला पुन्हा आवाज मिळाला. १५ मार्च १९५१ रोजी तिने तेलाच्या राष्ट्रीयीकरणाला मंजुरी दिली. संविधानवादी काळानंतरचा हा तिचा सर्वांत मोठा निर्णय होता. पुढच्या महिन्यात मोसद्दिक पंतप्रधान झाले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने त्यांचे सरकार उलथवले गेले. त्यानंतर सभागृह पुन्हा शाहच्या, म्हणजे रजाशाहनंतर गादीवर आलेल्या त्याच्या मुलाच्या, मर्जीवर आले. १९६३ मध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, पण मताला वजन उरले नव्हते. १९७५ मध्ये तर शाहने सगळे पक्ष मोडून रस्ताखीज हा एकच पक्ष ठेवला.

दोन मुळांचे संविधान

फेब्रुवारी १९७९ मध्ये राजेशाही कोसळली. मार्चअखेरच्या सार्वमतात प्रचंड बहुमताने इस्लामी प्रजासत्ताक मंजूर झाले. हे शब्द उच्चारणे सोपे होते, पण त्यांचा सांधा कसा बसवायचा हे ठरायचे होते. पहिल्या मसुद्यात धर्मशास्त्र्याच्या सर्वोच्च सत्तेचा उल्लेखच नव्हता. ऑगस्टमध्ये बसलेल्या, बहुसंख्य धर्मगुरू असलेल्या तज्ज्ञसभेने तो मसुदा पार पालटला. अयातुल्ला मोंताजरी तिचे अध्यक्ष आणि अयातुल्ला बेहेश्ती उपाध्यक्ष होते. क्रांतीचे नेते रुहुल्ला खोमेनी यांनी नजफच्या निर्वासनात मांडलेला विलायत-ए-फकीहचा सिद्धांत, म्हणजे इमामाच्या अनुपस्थितीत राज्याचे पालकत्व न्यायी धर्मशास्त्र्याकडे असावे हा विचार, तज्ज्ञसभेने संविधानाच्या गाभ्यात बसवला. डिसेंबर १९७९ च्या सार्वमताने हे संविधान लागू झाले.

त्यात दोन मुळे शेजारी शेजारी आहेत. सहावे कलम म्हणते, की देशाचा कारभार लोकमताच्या आधारे चालेल. चौथे कलम म्हणते, की सर्व कायदे इस्लामी निकषांवर आधारलेले असतील. ५६ वे कलम दोन्हींना एकत्र बांधू पाहते: सार्वभौम सत्ता ईश्वराची आहे आणि त्यानेच माणसाला आपल्या सामाजिक नियतीचा धनी केले आहे. मजलिस पहिल्या मुळावर उभी आहे, तिचे कायदे तपासणारी निगहबान परिषद दुसऱ्यावर.

नव्या मजलिसची पहिली बैठक २८ मे १९८० रोजी भरली आणि हाशेमी रफसंजानी सभापती झाले. संविधानात छापलेले ‘राष्ट्रीय सल्लागार सभा’ हे जुने नाव मागे पडून ती ‘इस्लामी सल्लागार सभा’ झाली. १९८९ च्या दुरुस्तीने हे नाव संविधानातही आले. सुरुवातीची वर्षे रक्ताने माखलेली होती. २१ जून १९८१ रोजी मजलिसने राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांना अकार्यक्षम ठरवले, तेव्हा त्यांच्या बाजूने फक्त एक मत पडले. आठवड्याभरात सत्ताधारी पक्षाच्या कचेरीत स्फोट होऊन बेहेश्तींसह सत्तरहून अधिक माणसे ठार झाली, त्यांत मजलिसचे सत्तावीस सभासद होते.

सभागृहाची रचना

मजलिसची मुदत चार वर्षांची असते. संविधानाने २७० जागा ठरवल्या होत्या आणि दर दहा वर्षांनी त्यांत भर घालण्याची सोय ठेवली होती. २००० पासून सभासद २९० आहेत. एकट्या तेहरान मतदारसंघातून ३० जण निवडले जातात. पाच जागा अल्पसंख्याकांच्या आहेत: जरथुश्त्री एक, यहुदी एक, असिरियन आणि खाल्डियन ख्रिश्चन मिळून एक, उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अर्मेनियन ख्रिश्चनांचा प्रत्येकी एक. या समाजांचे मतदार आपापला प्रतिनिधी स्वतंत्रपणे निवडतात. शपथ घेताना मुस्लिम सभासद कुराणाची शपथ घेतात आणि अल्पसंख्याक सभासद आपापल्या धर्मग्रंथाची. बहाई समाजाला यात स्थान नाही, कारण संविधान त्याला मान्यताप्राप्त धर्मांत धरत नाही.

सभासदांची जातकुळीही बदलत गेली. १९८० च्या सभागृहात जवळपास निम्मे लोक धर्मगुरू होते. २०१६ मध्ये निवडून आलेल्यांत १६ धर्मगुरू आणि १७ स्त्रिया होत्या. धर्मगुरूंपेक्षा स्त्रिया जास्त, हे प्रजासत्ताकात प्रथमच घडले.

सभापती, दोन उपसभापती, सहा सचिव आणि तीन पर्यवेक्षक मिळून अध्यक्षीय मंडळ होते, ते दर वर्षी नव्याने निवडले जाते. बैठका खुल्या असतात आणि संविधानानेच त्या रेडिओवरून ऐकवण्याचे बंधन घातले आहे. सरकारकडून येणाऱ्या विधेयकाला लायहा म्हणतात, ते आधी मंत्रिमंडळात मंजूर व्हावे लागते. किमान पंधरा सभासदांनी मांडलेला मसुदा म्हणजे तर्ह. तो खर्च वाढवणारा असेल, तर पैसा कुठून येणार हे सांगणे ७५ व्या कलमाने सक्तीचे केले आहे. दोन्ही प्रकारचे मसुदे विषयवार समित्यांकडे जातात, तिथून सभागृहात येतात, आधी तत्त्वतः आणि मग कलमवार मताला टाकले जातात. अंदाजपत्रक, परकी कर्जे आणि आंतरराष्ट्रीय करार यांना मजलिसची मंजुरी लागते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अणुकराराला तिने १६१ विरुद्ध ५९ मतांनी वाट दिली, ती याच अधिकारात.

निगहबान परिषद

मजलिसमध्ये मंजूर झालेला प्रत्येक मसुदा निगहबान परिषदेकडे जातो. निगहबान म्हणजे राखण करणारा. परिषदेत बारा जण असतात. त्यांतले सहा फकीह म्हणजे धर्मशास्त्री, त्यांना सर्वोच्च नेता, म्हणजे विलायत-ए-फकीहनुसार राज्याचे पालकत्व सांभाळणारा धर्मशास्त्री, नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित, त्यांची नावे न्यायसंस्थेचा प्रमुख सुचवतो आणि त्यांतून मजलिस निवड करते. न्यायसंस्थेच्या प्रमुखालाही सर्वोच्च नेताच नेमतो. मुदत सहा वर्षांची असते.

मसुदा हाती आल्यापासून दहा दिवसांत परिषदेने मत द्यायचे असते. गरज पडल्यास आणखी दहा दिवस मिळतात. कसोट्या दोन आहेत. मसुदा इस्लामी निकषांत बसतो का, हे फक्त सहा फकीह बहुमताने ठरवतात, म्हणजे चार धर्मशास्त्री मिळून संपूर्ण सभागृहाचा निर्णय थांबवू शकतात. तो संविधानात बसतो का, हे बाराही जण ठरवतात. बसला नाही तर मसुदा आक्षेपांसह मजलिसकडे परत येतो. ९३ वे कलम तर स्पष्टच सांगते, की निगहबान परिषद नसेल तर मजलिसला कायदेशीर अस्तित्वच नाही. सभासदांची निवड वैध ठरवणे आणि परिषदेच्या कायदेपंडितांची निवड करणे एवढीच दोन कामे तिला परिषदेविना करता येतात.

१९०७ च्या दुसऱ्या कलमाशी याचे नाते उघड आहे. फरकही तेवढाच महत्त्वाचा आहे. त्या कलमात मुजतहिदांची निवड सभागृह करणार होते आणि नावे राजसत्तेबाहेरचे धर्मशास्त्री सुचवणार होते. १९७९ च्या व्यवस्थेत फकिहांची नेमणूक राज्याचा सर्वोच्च अधिकारी करतो. जुने कलम कागदावर राहिले, नवे रोजच्या व्यवहारात आहे.

कोंडी आणि मसलहत

या रचनेतला ताण क्रांतीनंतरच्या पहिल्याच मजलिसमध्ये दिसला. क्रांतीने गरिबांना जमीन आणि न्याय कबूल केला होता. मजलिसने शहरी जमिनीचा, शेतजमिनीच्या वाटपाचा आणि विदेश व्यापाराच्या राष्ट्रीयीकरणाचा मार्ग धरला. फकिहांनी सांगितले, की खासगी मालमत्ता शरियतने पवित्र मानली आहे, ती अशी काढून घेता येणार नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये खोमेनींनी मजलिसला मुभा दिली, की जिथे निकड आहे तिथे बहुमताने तात्पुरता कायदा करावा. पुढे त्यासाठी दोन तृतीयांश मतांची अट आली. तरीही कोंडी सुटली नाही.

सर्वांत लांबला तो कामगार कायदा. मालक आणि मजूर आपसांत करार करतात, त्यात राज्याने किमान वेतन आणि कामाचे तास लादणे शरियतला धरून आहे का, हा आक्षेप होता. मसुदा सभागृह आणि परिषद यांच्यात हेलपाटे घालत राहिला. अखेर जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी पत्र लिहून भूमिका मांडली, की इस्लामी राज्यसत्ता हीच धर्माच्या पहिल्या आज्ञांपैकी एक आहे आणि राज्याच्या हितासाठी ती नमाज, रोजा, हज यांसारख्या आज्ञांवरही अग्रक्रम घेऊ शकते. पुढच्याच महिन्यात त्यांनी हा वाद मिटवण्यासाठी एक नवे मंडळ नेमले. त्याच्या नावात मसलहत हा शब्द आहे. मराठीत त्याचाच मसलत झाला आणि अर्थ खलबताकडे वळला. फारसीत मसलहत म्हणजे सर्वांच्या हिताचे काय, याचा विचार. १९८९ च्या दुरुस्तीत या मसलहत मंडळाला संविधानात जागा मिळाली. मजलिस आपल्या मसुद्यावर ठाम राहिली आणि निगहबान परिषदही हटली नाही, तर अंतिम निर्णय हे मंडळ देते. त्याचे सभासद सर्वोच्च नेता नेमतो. कामगार कायदा १९९० मध्ये याच मंडळाकडून मंजूर झाला.

या वाटेने काही महत्त्वाचे बदल झाले. मुलींच्या लग्नाचे किमान वय मजलिसने नऊवरून पंधरा करायचे ठरवले, परिषदेने अडवले आणि २००२ मध्ये मसलहत मंडळाने तेरा हा मध्य काढला. अल्पसंख्याक माणसाच्या मृत्यूबद्दल द्यायची भरपाई मुस्लिमाच्या भरपाईएवढी करण्याचा मसुदाही परिषदेने परत पाठवला होता. डिसेंबर २००३ मध्ये मंडळाने तो मान्य केला. शरियतचा अर्थ लावण्यासाठी नेमलेल्या संस्थेचा नकार राज्यहितासाठी बाजूला ठेवणारी संस्थाही त्याच संविधानात आहे, हे इराणी व्यवस्थेचे खास वैशिष्ट्य आहे.

मंत्र्यांवरचा अंकुश

कायदे करण्यात मजलिसचे हात बांधलेले असले, तरी सरकारला जाब विचारण्यात ते बरेच मोकळे आहेत. प्रत्येक मंत्र्याला सभागृहाचा विश्वासदर्शक ठराव स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. प्रश्न विचारला गेला, की मंत्र्याने दहा दिवसांत हजर व्हायचे असते. दहा सभासदांनी इस्तिजाह, म्हणजे जाब विचारणारा ठराव, मांडला, तर मंत्र्याला पुन्हा विश्वास मिळवावा लागतो, नाहीतर पद जाते.

हे अधिकार शोभेचे नाहीत. ऑक्टोबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अली खामेनेई यांनी पंतप्रधानपदासाठी अली अकबर विलायती यांचे नाव पाठवले. सभागृहाने ते नाकारले, तेव्हा मीर हुसेन मूसवी पंतप्रधान झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये गृहमंत्री अली कोर्दान यांनी मिरवलेली ऑक्सफर्डची मानद डॉक्टरेट बनावट निघाली आणि मजलिसने त्यांना घरी पाठवले. मार्च २०१२ मध्ये महमूद अहमदीनेजाद हे सभागृहात प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी हजर झालेले पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. राष्ट्राध्यक्षाविरुद्ध एक तृतीयांश सभासद इस्तिजाह मांडू शकतात. दोन तृतीयांश मतांनी तो अकार्यक्षम ठरला, तर प्रकरण सर्वोच्च नेत्याकडे जाते आणि बडतर्फीचा हुकूम तोच काढतो.

उमेदवारीची चाळणी

मजलिसवरचा सर्वांत मोठा दाब मात्र निवडणुकीआधीच येतो. ९९ व्या कलमाने निवडणुकांवर देखरेखीचे काम निगहबान परिषदेला दिले. १९९१ मध्ये परिषदेने या देखरेखीचा अर्थ स्वतःच लावला: ही नुसती पाहणी नाही, प्रत्येक टप्प्यावर मान्यता देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार आहे. तेव्हापासून उमेदवारांचे अर्ज परिषदेच्या चाळणीतून जातात आणि इस्लाम व व्यवस्थेवरील निष्ठा या कसोटीवर अनेक जण गळतात.

२००० मध्ये सुधारणावादी मोठ्या बहुमताने निवडून आले होते. २००४ च्या निवडणुकीआधी परिषदेने दोन हजारांहून अधिक इच्छुकांना अपात्र ठरवले, त्यांत विद्यमान सभागृहातले ऐंशीहून अधिक सभासद होते. चार वर्षे कायदे करणारे लोक पुन्हा उभे राहायला नालायक ठरले. त्यांनी मजलिसच्या इमारतीतच ठिय्या दिला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्या सभागृहासाठी बस्त धरली गेली, तिथल्या प्रतिनिधींना आता त्याच सभागृहात बस्त धरावी लागली, पण निर्णय फारसा बदलला नाही. चाळणीचा परिणाम मतदारांवरही झाला. १९९६ मध्ये सुमारे ७१ टक्के मतदान झाले होते. २०२० मध्ये ते ४२ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि २०२४ मध्ये ४१ टक्क्यांवर आले. निवडीचा पैस आकसला, की मतदार घरी बसतो, आणि घरी बसलेल्या मतदारांचे सभागृह परिषदेपुढे आणखी दुबळे होते.

सभागृहाबाहेरचे निर्णय

काही निर्णय मजलिसपर्यंत येतच नाहीत, तर काही तिच्या हातून काढून घेतले जातात. ऑगस्ट २००० मध्ये वृत्तपत्रविषयक कायदा सैल करण्याची दुरुस्ती कामकाजात होती. खामेनेई तेव्हा सर्वोच्च नेते होते. त्यांचे पत्र सभापती मेहदी करूबी यांच्याकडे आले आणि दुरुस्तीची चर्चाच थांबली. ६ ऑगस्टला सभागृहात गोंधळ झाला, पण विषय कामकाजातून वगळला गेला. शिक्षण-संस्कृतीत सांस्कृतिक क्रांतीची सर्वोच्च परिषद नियम करते, सुरक्षेत राष्ट्रीय सुरक्षेची सर्वोच्च परिषद निर्णय घेते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांना तोंड देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष, सभापती आणि न्यायप्रमुख यांची आर्थिक समन्वय परिषद झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलचे भाव एका रात्रीत वाढले, ते या परिषदेच्या निर्णयाने. देशभर निदर्शने पेटली आणि ती दडपताना अनेकांचे प्राण गेले. लोकांच्या चुलीपर्यंत पोचणारा निर्णय लोकप्रतिनिधींच्या मताविना झाला होता, ही तक्रार सभासदांनीही मांडली.

यज्दचा एक सभासद

या व्यवस्थेचे सगळे दुवे एकाच प्रकरणात दिसतात. यज्द शहराच्या नगरपरिषदेवर सिपंता निकनाम हे जरथुश्त्री गृहस्थ निवडून आले होते. शहर बहुसंख्य मुस्लिम, म्हणजे त्यांना मत देणारे बहुतेक लोकही मुस्लिमच होते. २०१७ मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेव्हा बिगरमुस्लिमाने मुस्लिमांवर अधिकार चालवणे शरियतला धरून नाही, या निगहबान परिषदेच्या फकिहांच्या मताच्या आधारे त्यांचे सभासदत्व ऑक्टोबरमध्ये स्थगित झाले. मजलिसने कायद्यात दुरुस्ती करून मान्यताप्राप्त धर्मांच्या लोकांना नगरपरिषदेवर बसण्याचा हक्क स्पष्ट केला. परिषदेने ती दुरुस्ती नाकारली. मजलिस ठाम राहिली. प्रकरण मसलहत मंडळाकडे गेले आणि जुलै २०१८ मध्ये मंडळाने मजलिसच्या बाजूने कौल दिला. निकनाम आपल्या जागेवर परतले.

अरबाब जमशीद पहिल्या मजलिसमध्ये बसले, त्याला तोवर एक शतक उलटून गेले होते. यज्दच्या मतदारांनी आपला निर्णय एका दिवसात दिला होता. तो टिकवण्यासाठी संसद, धर्मशास्त्री आणि नेत्याने नेमलेले मंडळ अशा तीन दारांतून जावे लागले. इराणच्या मजलिसमध्ये लोकमताला आवाज आहे, प्रतिष्ठा आहे आणि कधीकधी विजयही आहे. अंतिम शब्द मात्र सभागृहाबाहेर ठेवलेला आहे. १९०७ मध्ये विचारलेला प्रश्न तिथे अजून उघडाच आहे आणि प्रत्येक वादग्रस्त मसुद्याबरोबर तो नव्याने सोडवावा लागतो.